पेटीभर पुस्तकं आणि एक पीडीएफ

ताई, नमस्कार.

मी भांडुपची. २०१६ साली मुंबई विद्यापीठातून सिव्हिलची बी.ई. झाले. गेली सात वर्षं पवईत एका अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात ड्रेनेज डिझाइन करते. अमेरिकेतल्या इंजिनिअरच्या लायसन्सची पहिली परीक्षा, एफई, मागच्या वर्षी सुटली, आता त्यापुढची पीई सिव्हिल द्यायची आहे, विषय वॉटर रिसोर्सेस अँड एन्व्हायर्न्मेंटल. तिकडच्या बोर्डाची परवानगी आली आहे. नोव्हेंबरात प्रोजेक्टसाठी सहा आठवडे न्यू जर्सीला जाणार आहे, तेव्हाच परीक्षा उरकायचा विचार आहे. हातात पाच महिने आहेत. मुलगी चार वर्षांची, त्यामुळे दिवसाला दोन तास मिळाले तरी खूप.

अडलंय ते पुस्तकांपाशी. ऑफिसातला एक सीनियर दादा २०१५ साली ही परीक्षा पास झाला. तो त्याची नऊ पुस्तकांची पेटी, रंगीत टॅब लावलेली, पंधरा हजारांत द्यायला तयार आहे. एका ऑनलाइन कोचिंगची फी माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त आहे. टेलिग्रामवर एका ग्रुपमध्ये चाळीस जीबीचं फोल्डर फुकट मिळतंय. शिवाय माळ्यावर माझी कॉलेजची पुस्तकं आहेतच. नवरा म्हणतो, सगळंच घे, एकदाच काय तो खर्च. सासूबाई म्हणतात, ठेवणार कुठे? आमचं वन बीएचके आहे. नेमकं काय घेऊ आणि काय सोडू?

– पाण्यात पडलेली, भांडुप

* * *

प्रिय पाण्यात पडलेली,

सासूबाईंचं बरोबर आहे.

त्यांनी ते जागेच्या हिशेबाने म्हटलं असेल, पण या परीक्षेपुरता त्याहून चांगला सल्ला तुला कोचिंगवालाही देणार नाही. तुझ्या वयाची असताना मीही हीच परीक्षा दिली. तेव्हा ती कागदावर व्हायची, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात. सकाळी चाळीस प्रश्न, दुपारी चाळीस, आणि बांधणी केलेलं कुठलंही पुस्तक आत न्यायची मुभा. मुंबईहून निघताना माझ्या बॅगेत चौदा पुस्तकं होती, कपडे नावाला. विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून दोन स्वेटर काढून नवऱ्याच्या हातात दिले, पुस्तक एकही काढलं नाही. परीक्षेच्या हॉलपाशी पोचेपर्यंत बॅगेचं एक चाक निखळलं होतं. आत बघते तर लोक दुधाच्या क्रेटमधून, ट्रॉलीवरून पुस्तकं आणतायत. एकाने तर छोटं लाकडी शेल्फच मांडलं होतं. आठ तासांत मी चौदापैकी तीन पुस्तकं उघडली. चौथं उघडलं ते त्यात ठेवलेली पेन्सिल काढायला.

तुझ्या दादाची पेटी याच काळातली आहे. त्याचं त्यात काही चुकलं नाही. त्या वेळी टॅब लावलेली पेटी हे खरंच हत्यार होतं. पण जानेवारी २०२२ पासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर गेली. आता स्वतःचा कागदाचा कपटाही आत नेता येत नाही. जे लागेल ते स्क्रीनवर मिळतं: ही परीक्षा घेणाऱ्या एनसीईईएस या संस्थेचं ‘पीई सिव्हिल रेफरन्स हँडबुक’, सर्च करता येणाऱ्या पीडीएफच्या रूपात, आणि ज्या विषयाला डिझाइन स्टँडर्ड नेमलेली असतात त्याला तीही. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला हँडबुक. पुढे एप्रिल २०२४ मध्ये अभ्यासक्रमही बदलला. पूर्वी सकाळचा पेपर सगळ्यांना सारखा असायचा, म्हणजे पाणीवालीलाही स्टील आणि ट्रॅफिक यायचं. आता पाचही शाखांचे पेपर पहिल्या प्रश्नापासून वेगळे. दादाच्या नऊ पुस्तकांतला बराच भाग तुझ्या पेपरात येणारच नाही, आणि जो येईल तो शोधायला ते रंगीत टॅब तिथे नसतील.

तेव्हा पेटी नको. पण दादाला तोंडावर ‘तुझी पुस्तकं जुनी झाली’ असं सांगू नकोस. त्याला विचार, गणितं सोडवलेली वही आहे का? असली तर ती माग, झेरॉक्स काढून परत कर. आपल्यासारख्याच कॉलेजातून आलेला, आपल्यासारखाच आयएस कोडवर, म्हणजे भारतीय मानकांवर, वाढलेला माणूस कुठे कुठे चुकला हे त्या वहीत लाल पेनने लिहिलेलं असतं. त्याची किंमत त्या पेटीपेक्षा जास्त आहे.

आता घ्यायचं काय. पहिलं आणि शेवटचं नाव हँडबुकचं. एनसीईईएसच्या साइटवर तुझं खातं आहेच, तिथून ते फुकट उतरतं. तारीख ठरवलीस की परीक्षेच्या वेळी कुठली आवृत्ती चालू असेल तेवढं पाहून घे. सहावं प्रकरण तुझं, वॉटर रिसोर्सेस अँड एन्व्हायर्न्मेंटलचं. बाकीच्यातलं माती, सर्वेक्षण, प्रोजेक्टचं नियोजन असं जे तुझ्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे परीक्षेच्या अभ्यासक्रमाच्या यादीत, लिहिलंय तेवढंच. हे स्पेसिफिकेशन दोन-चार पानी असतं; त्याची प्रिंट काढून स्वयंपाकघरात फ्रिजवर लाव. कोणी कितीही चांगलं पुस्तक सुचवलं तरी त्यातलं प्रकरण या कागदावर आहे का, एवढंच बघायचं.

हँडबुक वाचायचं कसं, यात लोक फसतात. त्याची प्रिंट काढून, स्पायरल बांधून, हायलायटर मारत बसतात. परीक्षेत ते कागदावर नसणार, मग घरी कागदावर कशाला? पहिल्या दिवसापासून लॅपटॉपवरच उघड, अर्ध्या स्क्रीनवर, आणि पानं न चाळता शोधून जा. शोधण्याची सुद्धा एक भाषा असते आणि ती आपली नाही. आपण ‘सेवेज’ म्हणतो, तिथे ‘वेस्टवॉटर’ टाकल्याशिवाय हवं ते पान येत नाही. जागेच्या उंचीला आपण ‘आरएल’ म्हणतो, ते ‘एलिव्हेशन’. सुरुवातीपासून मोजलेल्या अंतराला आपण ‘चेनेज’ म्हणतो, ते ‘स्टेशन’, आणि १२+५० लिहिलं की ते १२५० फूट असतात. आपल्याकडे ‘सीवर’ म्हटलं की सांडपाणीच डोळ्यासमोर येतं. तिकडे पावसाच्या पाण्याची पाइपही ‘स्टॉर्म सीवर’च. तू ऑफिसात हे शब्द रोज ऐकतेस हे मला माहीत आहे. पण घाईत बोटं कॉलेजचा शब्द टाइप करतात. एक छोटी वही कर: डावीकडे आपला शब्द, उजवीकडे हँडबुकचा. माझ्या हाताखालच्या एका मुलीने अशी वही केली होती, एकशे चाळीस ओळी झाल्या. शेवटच्या महिन्यात तिने बाकी सगळं बाजूला ठेवून तीच वाचली.

दुसरं घ्यायचं ते एनसीईईएसचीच सराव परीक्षा, तुझ्या विषयाची, नव्या अभ्यासक्रमाची. जे प्रश्न काढतात त्यांनीच ती काढलेली असते. त्यामुळे भाषा, लांबी, किती माहिती उगाच दिलेली असते, हे सगळं तिथेच कळतं. ती आत्ता सोडवू नकोस. मोह होईल, पण नको. आत्ता फक्त प्रश्न वाचून ठेव, साडेतीन महिन्यांनी एखाद्या रविवारी मुलीला आजीकडे ठेव आणि आठ तास बसून पूर्ण सोडव. ऐंशी प्रश्न, आठ तास, म्हणजे प्रश्नाला सहा मिनिटं. मध्ये पन्नास मिनिटांची सुट्टी असते, तीही तेवढीच घे. सुट्टीआधीचा भाग एकदा जमा केला की परत उघडता येत नाही, ही सवयही त्याच दिवशी लागू दे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. गेट, म्हणजे आपली एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, तिथे गुण कापतात; ती दिलेल्यांचा हात इथे उगाच आखडतो. तू एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

तिसरं, सरावाच्या गणितांचं एकच पुस्तक. २०२४ नंतर छापलेलं, तुझ्या शाखेपुरतं, उत्तरांत पायऱ्या दाखवलेलं. एकच. दोन घेतलीस की दोन्ही अर्धी राहतील. बाजारात लिंडेबर्गच्या नावाचं जाडजूड संदर्भपुस्तक आजही मिळतं आणि उत्तम आहे, मी स्वतः त्याच्यावर तरले. पण ते कागदी परीक्षेला साजेसं होतं: आत न्यायचं, उघडायचं, शोधायचं. आता शोधायला हँडबुक आहे. तुला ज्या विषयाची पाटी कोरी आहे, समजा भूजलाच्या विहिरी, तेवढ्यापुरतं ते कोणाकडून तरी आठवडाभर माग. विकत घेऊ नकोस.

हे झालं घ्यायचं. पण खरं सांगू? तुझ्या पत्रात जो प्रश्न नाही तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे माळ्यावरच्या पुस्तकांचा. ती तू ‘आहेतच’ म्हणून सोडून दिलीस. आपल्या पोरांचा घात तिथे होतो. विषय न समजल्याने आपली मुलं नापास होत नाहीत, बोटांना लागलेल्या सवयीने होतात.

पावसाचं किती पाणी वाहून येईल ते काढायची रॅशनल पद्धत घे. आपण सीआयए (रनऑफ कोइफिशंट, म्हणजे पडलेल्यापैकी वाहून जाणाऱ्या पाण्याचं प्रमाण, गुणिले पाऊस गुणिले क्षेत्र) भागिले ३६० पाठ केलेलं असतं: क्षेत्र हेक्टरमध्ये, पाऊस तासाला मिलिमीटरमध्ये, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. तिकडे सीआयए, संपलं. एकर, इंच प्रति तास, आणि उत्तर सीएफएस, म्हणजे घनफूट प्रति सेकंद. करून बघ. ब्रिमस्टोवॅड या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या आराखड्यात मुंबईच्या नाल्यांसाठी तासाला ५० मिमी पाऊस आणि रनऑफ कोइफिशंट १ धरला. पूर्वीचे नाले २५ मिमीचे होते. (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पडला, तेव्हा त्या २५ चं काय झालं ते तू शाळेत असताना पाहिलंच असशील.) तर एक हेक्टर, ५० मिमी, कोइफिशंट १: आपल्या सूत्राने ०.१३९ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे ४.९० सीएफएस. आता तेच अमेरिकन रीतीने: २.४७ एकर गुणिले १.९७ इंच, आले ४.८६. फरक का? कारण तिथे खरा गुणक १.००८ असतो आणि ते तो सोडून देतात. एवढा फरक चालतो. पण तुझ्या हाताने सवयीने ३६० ने भागलं तर? आणि त्या चुकीच्या उत्तराचाही एक पर्याय समोर छापलेला असेल, याची खात्री बाळग.

नाल्यातल्या पाण्याचा वेग काढायच्या मॅनिंगच्या सूत्रात तिकडे १.४८६ येतो. हा आकडा आकाशातून पडलेला नाही, एका मीटरमध्ये जे ३.२८१ फूट असतात त्यांचं घनमूळ आहे. असं मूळ कळलं की विसरत नाही. याहून घातकी हेझन-विल्यम्स, पाइपातल्या घर्षणाने होणाऱ्या दाबाच्या घटीचं सूत्र. आपल्या एककांत त्याचा स्थिरांक १०.६७, आणि गॅलन प्रति मिनिट व इंचाच्या सूत्रात १०.४४. दिसायला सख्खे भाऊ, आणि व्यास मीटरचा की इंचाचा हा फरक घाईत डोळ्यांतून सुटतो.

पावसाचं किती पाणी जमिनीत अडेल आणि किती वाहील ते काढायची कर्व्ह नंबरची पद्धत आपल्याकडे मिलिमीटरमध्ये शिकवतात: एस (जमीन जास्तीत जास्त अडवेल ते पाणी) म्हणजे २५४०० भागिले कर्व्ह नंबर वजा २५४. तिकडे १००० भागिले कर्व्ह नंबर वजा १०, इंचात. आणि सुरुवातीची जी घट धरायची तिला आपल्या पुस्तकांत काही जमिनींसाठी ०.३एस दिलेलं असतं. परीक्षेत प्रश्नात वेगळं काही सांगितलेलं नसेल तर ०.२एस.

सांडपाण्याकडे ये. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन, आपल्याकडे तीन दिवसांचा, २७ अंशांवर. तिकडे नुसतं बीओडी लिहिलं की पाच दिवसांचा, २० अंशांवर. मी एकदा अख्ख्या गटाला हा प्रश्न घातला होता, अकरा जणांपैकी नऊ जणांनी २७ धरलं, आणि त्यातले दोघे पर्यावरणात एम.टेक. होते. घाणीच्या भाराचं गणित तर आपल्याला फार लाडावून ठेवतं: एमएलडीला (दिवसाला दशलक्ष लिटर) मिलिग्रॅम प्रति लिटरने गुणलं की थेट दिवसाचे किलो. तिकडे एमजीडी (दिवसाला दशलक्ष गॅलन) गुणिले मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले ८.३४, तेव्हा पौंड. ८.३४ म्हणजे एका अमेरिकन गॅलन पाण्याचं पौंडातलं वजन. अमेरिकन गॅलन, बरं का. ३.७८५ लिटरचा. आपल्याकडचे जुने पाणी खात्यातले लोक ‘एमजीडी’ म्हणायचे तो ब्रिटिश गॅलन, ४.५४६ लिटरचा. माझे एक जुने साहेब शेवटपर्यंत त्याच गॅलनमध्ये बोलत. मुंबईचा रोजचा पुरवठा सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर धरला तर तो ब्रिटिश हिशेबाने ८४७ एमजीडी होतो आणि अमेरिकन हिशेबाने १,०१७. वीस टक्क्यांची तफावत, शब्द तोच.

तू म्हणशील, ताई, मी रोज सीएफएसमध्येच काम करते. करतेस, पण एककं सॉफ्टवेअर सांभाळतं. हाताने शेवटचं कधी केलंस? म्हणून हा खेळ खेळ. घरातल्या, शहरातल्या आकड्यांची अमेरिकन एककं करत राहा. पावसाळा चालू आहे, रोज पेपरात तलावांची पातळी येते. सातही तलाव काठोकाठ भरले की १४.४७ लाख दशलक्ष लिटर. त्याचे एकर-फूट किती? एका एकर-फुटात साधारण १,२३३ घनमीटर. उत्तर ११.७३ लाखांच्या आसपास यायला हवं. बिल्डिंगखाली रेतीचा ट्रक आला तर ब्रासचे क्युबिक यार्ड कर: ब्रास १०० घनफूट, यार्ड २७ घनफूट. भांडुपच्या जलशुद्धीकरण केंद्रावरून जाताना त्याचा एमएलडीचा आकडा एमजीडीत सांग. मुलगी मोठी होईपर्यंत तिलाही येईल.

मग कॉलेजची पुस्तकं रद्दीत? तसं नाही. संकल्पना समजायला ती चांगलीच आहेत. हायड्रॉलिक जंप (वेगाने येणारं पाणी एकदम उसळून संथ होतं ती) का होते हे अमेरिकन पुस्तक वेगळं सांगणार नाही. पण वाचताना पेन हातात घ्यायचं नाही. समजून घे, मिटून ठेव, गणित मात्र हँडबुकातल्या सूत्राने सोडव. आणि परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे ती माळ्यावरच राहू देत, कारण तोपर्यंत ३६० पुन्हा डोक्यात शिरायला नको.

कल्पना कच्च्या असतील तिथे आणखी एक वाट आहे, फुकट आणि पूर्ण कायदेशीर. अमेरिकन सरकारी खात्यांची तांत्रिक पुस्तकं सगळ्यांना खुली असतात. शहरी पाणलोटासाठी कृषी खात्याचं टीआर-५५, १९८६ चं. कल्व्हर्टसाठी, म्हणजे रस्त्याखालच्या मोरीसाठी, फेडरल हायवेचं एचडीएस-५, रस्त्यावरच्या ड्रेनेजसाठी त्यांचंच एचईसी-२२. तुझ्या ऑफिसच्या सर्व्हरवर ही आत्ताही पडलेली असतील, कोणी उघडत नाही एवढंच. एचडीएस-५ मधला इनलेट कंट्रोल आणि आउटलेट कंट्रोलचा (प्रवाह मोरीच्या तोंडाशी अडतो की पुढे, याचा) भाग तेवढा शांतपणे वाच. हे प्रकरण आपल्या कॉलेजात एका परिच्छेदात उरकतात. अख्खं पुस्तक वाचायच्या फंदात पडू नकोस, ते डिझाइन करणाऱ्यांसाठी आहे.

टेलिग्रामचं फोल्डर. चाळीस जीबी! वाचणार कधी? चोरीचा माल आहे हे तर झालंच, पण अभ्यासाच्या दृष्टीने त्रास असा, की त्यात २०१२ पासूनचं सगळं एकत्र कालवलेलं असतं, कुठली उत्तरं चुकीची ते कोणी सांगत नाही, आणि एका प्रश्नाची तीन ठिकाणी तीन उत्तरं सापडली की रात्र त्यातच जाते. त्याहून वाईट म्हणजे असल्या ग्रुपवर ‘परवाच्या परीक्षेत आलेले प्रश्न’ फिरतात. प्रश्न बाहेर न सांगण्याची अट परीक्षेला बसताना प्रत्येकाने मान्य केलेली असते, ती मोडली तर निकाल रद्द होऊ शकतो. ज्या लायसन्सचा पायाच सचोटी आहे त्याची सुरुवात अशी करू नये, असं मला आपलं वाटतं. ग्रुपमधून बाहेर पड. आजच.

कोचिंगबद्दल मी जरा नरम आहे. ते वाईट नसतं. ज्याला वेळापत्रक आखता येत नाही, किंवा कॉलेज सोडून पंधरा वर्षं झाली, त्याला पैसे वसूल होतात. तुझी एफई मागच्याच वर्षी सुटली, काम याच क्षेत्रातलं आहे. आधी एक चाचणी कर: सरावाच्या पुस्तकातून प्रत्येक विषयाचे पाच-पाच प्रश्न काढ, हँडबुक उघडं ठेवून सोडव. निम्म्याहून जास्त जमले तर कोचिंगचे पैसे वाचव, परीक्षेचीच फी चारशे डॉलर आहे. सांडपाणी आणि पाणी शुद्धीकरणात सपाट पडलीस, जे ड्रेनेजवाल्यांचं हमखास होतं, तर तेवढ्या विषयाचे वेगळे वर्ग मिळतात का बघ. अख्खा कोर्स घेऊ नकोस.

किरकोळ, पण विसरशील म्हणून. कॅल्क्युलेटर नवा घेऊ नकोस. परवानगीच्या यादीत नावात एफएक्स-११५ किंवा एफएक्स-९९१ असलेले सगळे कॅसिओ आहेत, आणि मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरकडे एफएक्स-९९१ नाही असं मी तरी पाहिलेलं नाही. तोच वापर. फक्त सेल बदल, आणि एक जोडीला असू दे. परीक्षेत कागद देत नाहीत, पुसता येणारी वही आणि मार्कर देतात. त्या जाड टोकाच्या मार्करने लिहायला हाताला वेळ लागतो. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं धुंडाळायला जाणारच असशील (जाशील, मला माहीत आहे, आपल्यातलं कोणीच तिथून रिकाम्या हाताने पुढे जात नाही), तर पुस्तक न घेता बाजूच्या दुकानातून चार पानं लॅमिनेट करून घे आणि एक बारीक मार्कर. घरी त्याच्यावरच गणितं सोडव.

वेळेचं म्हणशील तर रोज दोन तास सलग शोधू नकोस, मिळणार नाहीत. भांडुप ते कांजूर ट्रेनने, मग पवईची बस, यात वाचन होत नाही, नुसतं उभं राहायलाच बळ लागतं. त्या वेळात शब्दांची वही, फोनवर फोटो काढून. रात्री मुलगी झोपल्यावर एक तास, रोज सहा गणितं, बस. आणि रविवारी सकाळी सलग चार तास, दार लावून. नवऱ्याला म्हणावं, पुस्तकांवरचे पैसे वाचलेत, त्या बदल्यात रविवारचा स्वयंपाक तुझ्याकडे.

पत्राच्या मागच्या बाजूला तू बारीक अक्षरात विचारलं होतंस, की पास झाल्यावर इथे मुंबईत सही करता येईल का. नाही. ते लायसन्स तिकडच्या एका राज्याचं असतं, दुसऱ्या राज्यात सही करायची तरी पुन्हा अर्ज. आपल्याकडे महापालिकेची स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी पदवी आणि अनुभवावर होते, तो वेगळाच रस्ता आहे. तुझ्या ऑफिसात मात्र नावापुढे पीई लागलं की अमेरिकेतला क्लायंट मीटिंगमध्ये थेट तुझ्याशी बोलायला लागेल, आणि तुझं रिपोर्टवरचं नाव ‘तयार केले’च्या रकान्यातून ‘तपासले’च्या रकान्यात जाईल.

स्वेटर बॅगेत ठेव. परीक्षेच्या खोल्या तिकडे फ्रिजसारख्या थंड असतात. माझे दोन स्वेटर त्या दिवशी सहार विमानतळावरच राहिले होते.

– तुझी,
ताई